मोराचं जास्तीचं बोट

बनशंकरी, गुरुवार, १८ ऑगस्ट १९९४

डोकं फिरलंय नुसतं! आमच्या मोर छाप उदबत्तीची नक्कल बाजारात आलीये, म्हणून सकाळी आपला पुडा घेऊन नेहमीच्या दुकानात गेलो, दुकानदाराला फरक दाखवायला. तर त्याने माझाच पुडा परत केला! म्हणाला, "स्वल्प नीट बघा अण्णा, हा डुप्लिकेट. खऱ्या मोराच्या पायाला एक बोट जास्त असतं." आणि नकली पुड्यावर ते बोट होतं. अगदी स्पष्ट.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "इंग्रजांच्या काळातही नकला व्हायच्याच रे. म्हणून आजोबांनी लेबल नोंदवताना ते बोट मुद्दाम घातलं. नक्कल करणारा चूक समजून गाळणार आणि सापडणार. गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक होतं."

"मग मला कसं कुणी सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

आता वकिलाकडे कुठल्या तोंडाने जाऊ? नोंदवलेल्या लेबलशी त्या चोराचाच मोर तंतोतंत जुळतो.

गेल्या वर्षी नवीन लेबलं छापताना छापखानेवाल्याला मीच म्हणालो होतो, तेवढं ते बोट पुसून टाका, लोक हसतील.