उलट्या हँडलाची सायकल

आदरणीय दादा,

सायकल ठेवली होती त्या जागी फक्त कापलेली साखळी ज्यांना सापडली, अशा समस्त पीडितांच्या वतीने, आणि तुमच्या बहिणीचा नवरा या नात्याने, नमस्कार. गुडघा कसा आहे? दुकानात उकिडवं बसून पंक्चर काढणं थांबवलंत का? (नसेलच. तुम्हा भावंडांना दुसऱ्याचं ऐकू येत नाही.)

वर्षभरात आमच्या तीन सायकली गेल्या. चौथी तुम्ही स्वतः जोडून हिला दिलीत. ही घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधते. सायकल असली तर सकाळी सहा घरं होतात, पायी तीनच. उरलेले तिघे दाराकडे डोळे लावून बसतात. ही सायकल जाऊ द्यायची नाही, असा मी निर्धार केला.

कुलूप म्हणजे काय हो? प्रामाणिक माणसाच्या वाटेतली अडचण! चोराजवळ कटर नेमका असतो, आपल्याजवळ किल्ली नेमकी नसते. मग सायकल अशी का असू नये, जी उचलेल कुणीही, पण चालवता येईल मालकालाच? ही पंधरा दिवस तुमच्याकडे आली होती ना, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या वेल्डरला गाठलं आणि हँडलाखाली एकमेकांत अडकणारी दोन दातेरी चाकं बसवून घेतली. हँडल डावीकडे वळवलं की सायकल उजवीकडे जाते. वेल्डर म्हणाला, "साहेब, जोडाची गॅरंटी देतो, तुमच्या डोक्याची नाही." नऊ दिवस मी पडलो. दहाव्या दिवशी चालवू लागलो.

बाराव्या दिवशी चोर आला. भर दुपारी, इस्त्रीच्या शर्टात, चांगला चाळिशीचा. टांग मारली, वळणापर्यंत गेला आणि थेट भिंतीत. मी विजयी मुद्रेने धावलो, तर तोच कोपर चोळत माझ्या अंगावर ओरडला, "अहो काका, असली सायकल रस्त्यावर ठेवता? माणूस मरेल ना!" (चोराने मला नीती शिकवावी! पण दादा, त्या दिवशी गल्लीत शहाणं वाक्य बोललेला तो एकटाच.)

त्या संध्याकाळी वाचनालयात मी या शोधावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. पेपरवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्या बाईंना सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना तर आकृती काढून दाखवली. घरात सांगायचं तेवढं राहिलं. परवा ही आली, आणि काल सकाळी मी तोंडाला साबण लावून आरशासमोर उभा असताना पिशवी अडकवून निघालीसुद्धा.

वळणावर ही पडली. हिचं मनगट मुरगळलंय, हाड शाबूत आहे, घाबरू नका. दहा दिवस पट्टी आहे. पण खरं लागलं ते पडल्यानंतर. गल्ली जमली आणि जो तो मायेने सांगू लागला, "वहिनी, उलटं वळवायचं असतं!" हिने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं?" एवढंच. मोठमोठ्या सभा गाजवलेला मी, दादा. अर्ध्या गालाला साबण, आणि मी वाकून सायकलची घंटी पुसू लागलो.

रात्रीपर्यंत विचार करत बसलो. चोराचे हात, चोराची घाई, चोराची सवय, साऱ्याचा मी पंधरा दिवस अभ्यास केला. जी त्या सीटवर बसते, तिचा मिनिटभरही नाही. समतेवर बोलताना माझा आवाज भिंतींना हादरवतो, पण या घरातला निर्णय मी एकट्याने घेतला आणि त्याला शोध म्हणालो. शेवटी विचारलं, तुला कशी सायकल हवी? ती म्हणाली, "मला चोरीची नाही हो भीती वाटत. उशीर होण्याची वाटते."

सर्वांना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. हिने पत्र वाचलं. इस्त्रीवाल्या बाईंच्या म्हणण्यानुसार भाषण चाळीस मिनिटांचं नव्हतं, सव्वा तासाचं होतं, आणि टाळ्या संपल्याच्या होत्या.

पुन्हा ता. क. ती चाकं मी काढायला गेलो, पण वेल्डरने गॅरंटी पाळली आहे. शिवाय मला आता सरळ सायकल चालवता येत नाही. आज मास्तरांची घेऊन पाहिली, त्यांच्या कुंड्यांची मी माफी मागितली आहे. पट्टी सुटेल त्या सोमवारी सहा घरी हिची वाट पाहिली जाणार आहे. आदल्या रविवारी या आणि हँडल सरळ करा. कुलूप कसलं लावायचं, ते मला विचारू नका. तिला विचारा.