पुरुषांसाठी मालिश, जेसल पार्क

सोहार, ओमान
१३ जून २०२५

ति. समिधाताईस,
निकेतचा सा. न. वि. वि. शाळा आठवीत सोडली, तोवर पत्रातलं एवढंच पाठ झालं होतं. पुढचं माझ्या पद्धतीने.

फोन सोडून कागद का, असं विचारशील. खोलीत आम्ही सहा जण. फोनवर आईला विचारलं की तुझे हात दुखतात का, की बाकीचे कान टवकारतात आणि मग दिवसभर माझ्याच आवाजात मला चिडवतात. म्हणून लिहितोय आणि पानाचा फोटो काढून पाठवतोय. आईला वाचून दाखव.

काम तेच, हॉटेलच्या लाँड्रीत. माझ्या वाट्याला स्पाचे टॉवेल येतात. धुऊनसुद्धा त्यांना तेलाचा वास राहतो, पण तो फुलाबिलांचा. आपल्या आईच्या तेलाला ओवा-लसणीचा वास. शाळेत पोरं त्यावरून मला काय काय बोलायची. आज इथल्या दुकानात मिळाला तर विकत घेईन.

तुझा तो कीवर्ड रिसर्च मला कळला तेवढा असा, की गिऱ्हाईक गूगलवर जे शब्द टाकतं तेच शब्द आपल्या पाटीवर पाहिजेत. मग ‘होलिस्टिक वेलनेस’ कशाला लिहून ठेवलंस? आईला स्वतःच्या मालिशच्या दुकानाचं नाव सांगताना पाणी प्यावं लागतं.

आपलं ठरलंय ते विसरू नको. पुरुषांची मालिश मागणारे दिसले की मागची खोली माझी. आई फक्त बायकांची करणार, तू मालिश करतच नाहीस, म्हणजे मीच राहिलो. सप्टेंबरअखेर इथला करार संपतोय आणि साहेब विचारणार, अजून दोन वर्षांची सही करतोस का. मला नाही म्हणायचंय गं. पण नुसतं करमत नाही म्हणून आलो, तर सगळे म्हणतील, हा कुठे टिकलाय. मॉलची सिक्युरिटी सोडली, कुरिअर सोडलं, काशीगावची जिम सोडली. या वेळी बोलावणं आलं म्हणून यायचंय.

काम सुटलं की मी रोज टाकून बघतो, ‘पुरुषांसाठी मालिश जेसल पार्क’. आपल्या आधी कुणी उघडलं तर नाही ना. खोलीतल्या चंदनलाही टाकायला लावतो, त्याच्या फोनवर काही वेगळं दिसतंय का म्हणून.

आईला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नको.
तुझा,
निकेत


जेसल पार्क, भाईंदर पूर्व
६ जुलै २०२५

चि. निकेत यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. आईने ओवा-लसणीचा भाग दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाली की अक्षर अजून कोंबडीचंच आहे.

पाटी बदलली. आपलं दुकान कुठल्या शोधांत दिसलं, तो गूगलचा रिपोर्ट मी नीट बसून वाचला. मीरा रोडच्या बायका ‘बाळंतिणीची मालिश घरी येऊन’ असं शोधतात, कुणी ‘कमर दर्द मालिश लेडीज’ असं हिंदीत. वेबसाइटवर मथळ्यात तेच घेतलं आणि होलिस्टिकला निरोप दिला. लगेच फोन यायला लागले. शेजारच्या टॉवरमधल्या उर्मिलाबेन सुनेची चौकशी करायला आल्या आणि स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. आई त्यांच्याशी गुजराती वळणाच्या हिंदीत बोलते, त्या आईशी मोडक्या मराठीत, आणि दोघींना वाटतं की आपण समोरचीची सोय बघतोय.

आता खरी बातमी. जून महिन्याच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वर कोणता शोध असेल? ‘पुरुषांसाठी मालिश जेसल पार्क’. बाळंतिणींच्याही वर. एखाददुसरा दिवस नाही, रोज. मी आईला सांगितलं. ती उठली आणि मागची खोली झाडायला घेतली.

त्या नावाचं वेगळं पान बनवतेय. तुझा फोटो पाठव. शर्ट इस्त्रीचा घाल, इस्त्री तर तुझ्याच हातात आहे.

जेवणाची हेळसांड करू नको. आम्हा दोघींची आठवण ठेवतोस तशीच ठेव.
तुझी,
ताई


सोहार
२० जुलै २०२५

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी सगळे टॉवेल उलटे घडी केले. सुपरवायझर ओरडला. ओरडू दे म्हटलं, आता किती दिवस राहिलेत.

पान बघितलं. माझा फोटो चांगला आलाय, पण त्यात मी हसत नाहीये असं चंदन म्हणतो. खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवर शोधून काढलं. रोज जेवल्यावर कुणीतरी मुद्दाम टाकतं आणि ओरडून सांगतं, निकेत की दुकान खुली है. मीही दिवसातून दोनतीनदा उघडतो. हात सुटू नये म्हणून चंदनची पाठ रगडतो. आता इतरही रांग लावतात.

कोण असतील गं ती माणसं? रिक्षावाले असतील, मान धरलेले. दिवसभर काउंटरवर उभे राहणारे असतील. मी एकेकाचा चेहरा मनात तयार करतो. ती सगळी माझ्यासाठी थांबलीत असं वाटतं. आजवर माझी वाट एका आईनेच बघितली, तीही बहुतेक जेवायला.

मागच्या खोलीची खिडकी उघडते का अजून? ओहोटीला चौपाटीवरून चिखलाचा वास यायचा, आपण नाक दाबायचो. इथे खिडकी आहे, पण ती एसीसाठी बंद. मी कधीकधी काचेला नाक लावून उभा राहतो, काय येणार त्यातून.

साहेबाला अजून सांगितलं नाही. त्या पानावरून पहिला फोन आला, कुणी बुकिंग केलं, की सांगतो.

आईच्या पायांवर डोकं. लोभ आहेच, तो वाढू दे.
निकेत


जेसल पार्क
१७ ऑगस्ट २०२५

चि. निकेत यास आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा फाडलं. सरळच लिहिते.

पान लावून महिना होत आला. त्यावरून एकही फोन आला नाही. बायकांच्या पानावरून येतात, तुझ्या पानावरून नाही. मला वाटलं नंबर चुकला असेल, तो तपासला. बरोबर होता. मग रिपोर्ट पुन्हा उघडला. शोध कोणत्या देशातून आला हेही त्यात दिसतं. भाईंदरचं दुकान भाईंदरचीच माणसं शोधणार असं धरून मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

ओमान, निकेत. सगळे शोध ओमानचे. ओमान बाजूला काढलं की त्या शब्दांपुढे काही उरत नाही.

आधी तुझा राग आला. मग माझा आला, कारण रोज टाकून बघतोस हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मी वाचून पुढे गेले. मग मागच्या खोलीत जाऊन बसले. आईने तिथे नवीन पडदा लावलाय.

आईला सांगायलाच हवं होतं. ती तेल कढवत होती. मी म्हटलं, ती मागणी खरी नव्हती, शोधणारा आपला निकेतच होता. तिने गॅस बारीक केला.

“म्हणजे रोज येत होता.”

मी म्हटलं, अगं, गिऱ्हाईक एकही नाही.

“येत होता ना पण.”

तू ये म्हणायला माझी ना नाही. पण बोलावणं आलंय असं खोटं सांगून तुला आणणार नाही. बायकांचं काम वाढतंय, पण खोलीचं भाडं अजून तुझ्या पगारातून जातं हे तुला माहीत आहे. तू ठरव. जे ठरवशील त्याला आम्ही नावं ठेवणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
ताई


सोहार
३१ ऑगस्ट २०२५

ति. ताईस सा. न. वि. वि.

शोधणारा मोजला जातो हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी रस्त्यावरून काचेतून आत बघतोय, आतल्यांना काय पत्ता. चंदनला सांगितलं तर म्हणाला, तूने तो खुद को ही बुला लिया भाई. खोलीत सगळे हसले. मीही हसलो, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तू रागावू नको स्वतःवर. ज्याला जे दिसावंसं वाटतं ते तो आधी बघतो, त्यात तुझं काय चुकलं.

सही करतोय. दोन वर्षांची मागत होते, एका वर्षाची करून घेतली. यावंसं किती वाटतं ते इथे लिहीत नाही, पान पुरणार नाही. पण आलो आणि मागच्या खोलीत नुसता बसलो, तर मी चार दिवसांत बाहेर पडेन. मी मला ओळखतो. बसलेला मी आईला बघवणार नाही आणि भाड्यासाठी तिचे हात झिजलेले मला बघवणार नाहीत. तू बायकांचं वाढव. घरी जाऊन मालिश करायला आईसोबत कुणी हाताखाली घे.

एक मागतो. ते पान काढू नको. त्यावर माझ्याशिवाय कुणी येणार नाही, तरी राहू दे. तुझ्या हिशोबातून ओमान खुशाल वगळ. पण मी शोधलं आणि ‘काही सापडलं नाही’ असं आलं, तर ते मला झेपायचं नाही.

आईला पत्र वाचून दाखवताना नळाचं वाचू नको. मी आहे तिथून लोभ करतोच आहे, तुम्हीही करा.
निकेत


जेसल पार्क
९ सप्टेंबर २०२५

चि. निकेतला आईचे अनेक अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय, समिधा लिहितेय. नळाचं तिने वाचलं नाही, पण मध्येच थांबली, तेव्हा मी कागद मागून घेतला. मला वाचता येतं हे दोघं विसरता.

सही केलीस, ठीक केलंस. मागच्या खोलीत सामान ठेवायला उर्मिलाबेन जागा मागत होत्या, मी दिली नाही.

पान आहे तसंच आहे. समिधा म्हणते की त्यावर दुकानाची वेळ लिहावी लागते. बायकांची सकाळी दहा ते संध्याकाळी सात आहे. तुझ्या पानावर काय लिहू म्हणून विचारत होती. मी म्हटलं, लिही, केव्हाही. असं लिहिलं तर कुणीही कधीही येऊन उभं राहील, असं ती म्हणाली. म्हटलं, राहू दे उभं.

लिहिलंय तिने. आज शोधशील तेव्हा बघ.

तुझी,
आई