दोन मेगापिक्सेलचे आप्पा

१० नोव्हेंबर २०२५

शिक्रापुरात रुजू झालो. फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर. बावन्नाव्या वर्षी नोकरी मिळते हाच चमत्कार. मालक पोपटराव दिलदार. दुकानामागची खोली राहायला दिली. हायवेवरून कंटेनर गेला की कॉट हलते. पाळण्याचं सुख. शेजारच्या टपरीवर अनसाबाईंनी चहा पाजला आणि विचारलं, पाव्हणं किती दिवस टिकणार? माझ्याआधीचे दोघं न सांगता गेले म्हणे. पुण्याचे असतील.

१२ नोव्हेंबर

पहिलं मोठं गिऱ्हाईक बाळासो, निवडणुकीला उभे. स्वतःच्या तोंडावर मतं मिळत नाहीत, म्हणून चौकात वडिलांचा वीस फुटी फ्लेक्स हवा. आप्पा २००३ साली वारले. फोटो एकच, भाच्यानं दुबईहून आणलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावरचा. दोन मेगापिक्सेल! तेव्हा तो कॅमेरा गावभर मिरवला असणार. फोटोत आप्पा म्हणजे टोपीखाली सांडलेलं पिठलं. कोपऱ्यातली नारिंगी तारीख तेवढी ठसठशीत. मी म्हटलं, यात डोळेच नाहीत, मोठे कुठून करू? बाळासो म्हणाले, डिजिटल हाय ना, मग करा की झूम! पोपटरावांनी मला बाजूला घेऊन बजावलं, आपल्याकडं गिऱ्हाइकाला न्हाई म्हणत नसत्यात.

१३ नोव्हेंबर

तोडगा निघाला. आप्पा गेले तेव्हा बावन्नचे, मीही बावन्नचा. मोबाईलवर स्वतःचा फोटो काढला आणि माझे डोळे आप्पांना बसवले. बघून बाळासो ढसाढसा रडले. उमेदवाराचे खरे अश्रू मी प्रथमच पाहिले.

१४ नोव्हेंबर

फ्लेक्स लागला. आप्पांची नजर लई तेज, असं लोक म्हणतात. मला दिसत नाही. सकाळपासून समोरचं सगळं चौकोन चौकोन. अनसाबाईंचा चेहरा म्हणजे आठ-दहा ठोकळे, मधला एक कुंकवाचा. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, वय झालं.

१५ नोव्हेंबर

वय नाही. अदलाबदल झालीय. माझे डोळे आप्पांना, आप्पांचे मला. पोपटरावांच्या हातापाया पडलो, फ्लेक्स उतरवा, फाईल पुसा. मतदान होईस्तोवर न्हाई, म्हणाले. उलट गिऱ्हाइकाला आता तोंडही हवंय, आप्पा हसल्यागत. मी साफ नाही म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, आधीचे दोघंबी असंच म्हणायचे.

१६ नोव्हेंबर

पोपटरावांनी स्वतःच तोंड बसवलं. माझा फोटो मशीनमध्ये होताच —

चहा आला. कप ओठांशी — ओठ कुठं? सपाट कातडी. सगळा चहा छातीवर. अनसाबाई ओरडल्या नाहीत. पदरानं माझी छाती पुसत म्हणाल्या, तरी तुम्ही दोन दिस जादा टिकला. उद्यापासनं चहा बंद करू व्हय?

१७ नोव्हेंबर

दाराला बाहेरून कडी. ओरडायला तोंड नाही. अंदाजानं लिहितोय.

बाहेर बाळासो. खूश. आप्पा आत्ता बोलत्याल असं वाटतं — लोक फ्लेक्सच्या पाया पडतायत — पण एकच खोट, म्हणे — फोटो छातीपर्यंतच. आता फुल साईज पाहिजे. मतदारांपुढं हात जोडलेले —

कडी वाजली. पोपटराव. मोबाईलचा फ्लॅश, माझ्या हातांवर —

गेले. मशीन सुरू झालं —

डावा गेला. बोटं चिकटून नुसता गोळा. उजव्याचा अंगठा मऊ — पेन निसट — कुणीतरी निदान वाचा, मी आप्पा नाही, माझं नाव शं