हात लाव गो

आये,

रानात जायचंय. कामाला नाही, उगीच. तुझा आवाज कानात आलाच बघ, "बिनकामाचं रानात कोन जातं गो? गुरां नि भुतां." म्हण बाई, म्हण. मी साठीला आले, नोकरी संपली, केस पिकले, तरी तुला उत्तर द्यायची वेळ आली की अजून माझी बोबडी वळते. म्हणून लिहितेय. सह्याद्रीतली एक जुनी घाटवाट आहे. ती चढून जायचं, दोन रात्री डोंगरातच तंबूत झोपायचं नि पलीकडून उतरायचं. जेवणखाण, अंथरूण, तंबू, सगळं आपल्याच पाठीवर. आम्ही सगळ्या बायकाच आहोत, रत्नागिरीतल्या. कुणी बँकेतली, कुणी शाळेतली, एकीची तर खानावळ आहे. सगळ्यांत म्हातारी मी. परवा पहाटे निघायचं.

तुझ्या जावयांना सांगितलं तेव्हा ते पेपर खाली न घेताच म्हणाले, "कंबर आहे का जाग्यावर? ती आधी शोध, सॅक मग शोधू." मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच बाजारात जाऊन माझ्या मापाचे बूट बघून आले. सॅक मुलाने पुण्याहून पाठवली. काय ती सॅक! इतके पट्टे नि इतकी बक्कलं की पहिल्यांदा मी ती उलटीच घातली. आणि भरली कशी, तर आपण बाबांकडे मुंबईला निघालो की पिशव्या भरायचो तशी. दोन नारळ, लोणच्याची काचेची बरणी, कुळथाचं पीठ, डोक्याखालची उशी. आमची लीडर माझ्या मुलाच्या वयाची पोरगी आहे, शाळेत खेळ शिकवते. ती घरी आली आणि एकेक वस्तू बाहेर काढत बसली. "काकू, बरणी कशाला?" म्हटलं, तोंडाला चव नको? "बरं, आणि नारळ?" म्हटलं, घाटाच्या तोंडाशी देव असेलच ना, त्याला न विचारता आत शिरायचं? ती पोरगी संगमेश्वराकडची, तिला ते पटलं. एक नारळ बाहेर, एक आत असा तह झाला. आतला तिथेच वाढवायचा, म्हणजे पुढे त्याचं ओझं नाही.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग सरावाचा पहिला रविवार आला. भरलेल्या सॅका घेऊन सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी जमलो. लीडरने नियम सांगितला, "जिची सॅक तिनेच उचलायची. कुणी कुणाला हात लावायचा नाही. घाटात वाट अरुंद असते, मागचीला पुढे येता येत नाही. सवय आत्तापासून लागू दे." बाकीच्यांनी सॅक मांडीवर घेतली नि झटक्यात पाठीवर टाकली. मी टाकायला गेले, तर सॅक एकीकडे नि मी एकीकडे. पुन्हा केलं, तर मटकन खालीच बसले. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. लीडर जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या रविवारी परत बघू. नाहीच जमलं तर या खेपेला राहू दे. पुढच्या वर्षी जाऊ." पुढच्या वर्षी! या वयात पुढचं वर्ष म्हणजे काय, बसची पुढची फेरी आहे? घरी आले नि रडले, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं सगळ्यांचं करून झाल्यावर ही एक गोष्ट मी फक्त माझ्यासाठी मागितली होती.

रडता रडता एक लक्षात आलं. माझं अख्खं आयुष्य दुसऱ्याला हात लावण्यात गेलं आहे. हॉस्पिटलात पेशंट एकटीने उचलायचा नाही, हे आम्हा नर्सना पहिल्यांदा शिकवायचे. एकीने खांद्याकडे, एकीने पायांकडे, एक दोन तीन म्हणायचं की पेशंट स्ट्रेचरवर. आणि त्याच्या आधी तुझा भारा. कातळाचा सडा ओलांडून आपण रानात गेलो आहोत, तू कोयत्याने लाकडं तोडते आहेस, मी ती गोळा करते आहे. तू वेलीने भारा आवळतेस, चुंबळ डोक्यावर नीट बसवतेस आणि हाक मारतेस, "हात लाव गो." एका टोकाला तू, एका टोकाला मी. भारा वर चढला की तुझी मान एकदा डगमगते, मग ताठ होते, आणि तू पाखाडीच्या पायऱ्या उतरायला लागतेस, माझ्याशी भांडत भांडत. बाबा मुंबईला. घरात आपण दोघीच. त्यामुळे भाऱ्याला हात लावायला मी नाही तर कोण, हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

म्हणून तर नर्सिंगला नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झालाच नाही. शेजारची काकी अंगणातून म्हणाली होती, "पोरगी गेली का हिला भारा कोन चढवून देनार?" तिचं ते बोलणं माझ्या मनातून जाईना. चुलीपाशी तू भाकरी थापत होतीस तेव्हा मी सांगून टाकलं की मी जात नाही, इथेच काहीतरी बघते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस, हात झटकलेस आणि माझ्यावर अशी उखडलीस! "माज्या भाऱ्यासाटी तू घरात बसनार? मी काय तुला भारा चढवायला जल्माला घातलंय? उद्या चल रानात. तुला दाखवते."

दुसऱ्या दिवशी तू मला एका चिऱ्यावर बसवलंस. "हात लावलास तर बघ." नेहमीएवढाच भारा बांधलास, उलट दोन लाकडं जास्तच घातलीस. मग तो ओढत बागेच्या गडग्यापाशी नेलास. छातीएवढी उंच ती चिऱ्यांची भिंत. भाऱ्याचं एक टोक वर टेकवलंस, दुसरं खालून रेटलंस, भारा गडग्यावर आडवा झाला. अर्धा बाहेर ओढलास, डोकं खाली घातलंस आणि उठायला गेलीस, तोच सगळी लाकडं धाडकन खाली. मी उठले. "बस खाली!" तू ओरडलीस. मग स्वतःच्याच फजितीवर इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मीही हसले, रडायच्या बेतात होते तरी. तू परत भारा बांधलास. परत गडग्यावर चढवलास. या खेपेला तो डोक्यावर आला, मान डगमगली, ताठ झाली. मागे न बघता तू म्हणालीस, "चल आता. चुलीवर भात कोन घालनार?" त्या भाऱ्यामागून घरी येताना मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. मला 'जा' म्हणून तू तोंडाने कधी म्हणाली नाहीस. तुला तसं बोलताच यायचं नाही.

तर सरावानंतरच्या सोमवारी मी डोळे पुसले आणि परसात गेले. आमच्याही घरामागे गडगा आहे, चिऱ्यांचाच. सॅक ओढत नेली, वर टेकवली, पाठ वळवली, पट्ट्यांत हात घातले, कमरेचा पट्टा आवळला आणि उभी राहिले. पहिल्याच दिवशी जमलं असं सांगून तुला फसवणार नाही. सॅक घसरली, माझा खांदा खरचटला. तुझे जावई धावत आले, तशी मी खेकसले, "हात लावाल तर बघा!" ते तिथेच थबकले. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन लांबून बघत उभे राहायला लागले. हळूहळू मी गडगा सोडून पायरीवरून सॅक उचलायला लागले, मग अगदी जमिनीवर बसून. आधी बसायचं, पट्टे चढवायचे, एका गुडघ्यावर यायचं, मग उठायचं. रविवारी किल्ल्यावर मी लीडरसमोर तशीच उठले. ती बघतच राहिली. "काकू, कुठे शिकलात हे?" म्हटलं, आमच्या आयेने शिकवलं, ती मोठी ट्रेकर होती. खोटं थोडंच आहे? तू जेवढे डोंगर चढलीस तेवढे या पोरी जन्मात चढायच्या नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. बिनकामाचं रानात कोन जातं? अगं, किल्ल्याच्या चढावर मला एक गोष्ट सापडली. डोक्यावर भारा असला की वर बघता येत नाही. तू सगळा जन्म त्या वाटांनी चाललीस, पण तुला दिसलं काय? पुढची पायरी, पायाखालचा धोंडा, फार तर माझे पाय. पाठीवरच्या ओझ्याचं एक बरं आहे, मान मोकळी राहते. मी वर बघत चढले, आये. घारी फिरत होत्या, खाली बंदरात होड्या होत्या, समुद्र लखलखत होता. इतकी वर्षं या गावात काढली, पण एवढं सगळं एकदम कधी बघितलंच नव्हतं. घाटातही मी वर बघत चालणार आहे. हेच माझं काम. बिनकामाचं म्हणशील तर म्हण.

हे पत्र सॅकमध्ये घालावं, माथ्यावर गेल्यावर दगडाखाली ठेवावं, असं आधी वाटलं होतं. पण लीडरने सगळं मोजूनमापून दिलंय, कागदाचं का होईना, ओझं ते ओझं. शिवाय तुला वाचता कुठे येत होतं? ट्रेनिंगमधून मी पाठवायची ती पत्रं मास्तर वाचून दाखवायचे, आणि तू म्हणे दर वेळी विचारायचीस, "जेवते का नीट, ता लिवलंय काय?" जेवते गं नीट. हे पत्र घरीच राहू दे, साड्यांच्या कप्प्यात.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही, लीडरला तर मुळीच नाही. सॅक आता माझी मला उचलता येते, कुणाची गरज लागत नाही. तरी दर वेळी पट्ट्यांत हात घातले की मी तोंडातल्या तोंडात म्हणते, "आये, हात लाव गो." आणि मगच उठते.