नव्वदच्या आत, चौथ्या मजल्यावर

ती. ताईस,

गुडघा पुरता वाकत नसल्यामुळे उभ्याउभ्याच घातलेला साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. खुबा आता पुष्कळ बरा आहे आणि तू काठी घेऊन जिन्याच्या कठड्यापर्यंत येऊन परत जातेस, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण त्याच वाक्यात पुढे 'नाही तरी बघायला वर येतंय कोण' असं लिहिलंस, ते वाचून तोंड कुठे लपवू असं झालं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय रोज स्टुडिओत जाते आणि ओळखपत्राच्या फोटोंतल्या लोकांच्या दोन-दोन हनुवट्यांची एकेक करून देते. मी दुकानात बसून गावाचे वजनकाटे दुरुस्त करतो. (हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं विचारू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला तू बोलू देत नाहीस. पत्रात निदान मध्येच 'गप रे' म्हणायची सोय नाही.)

पत्रास कारण तुझा प्रश्न. आठवड्यातून एकदा ठरवून हादडायचं ही कुठली पथ्याची रीत, आणि त्याने वजन उतरतं की चढतं, ते एका वाक्यात कळव, असं तू लिहिलंस. चाळीस वर्षं गणित शिकवलंस, तेव्हा 'एका वाक्यात उत्तर द्या' ही सवय काही जायची नाही. पण हे उत्तर एका वाक्यात मावत नाही, जसा मी गेल्या वर्षी स्टुडिओतल्या हाताच्या खुर्चीत मावत नव्हतो. त्यामुळे सावकाश वाच. चष्मा पूस आणि वाच.

सुरुवात तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण तू ती वरून पाहिलीस आणि मी खालून. तुझा खुबा मोडल्यावर मी तुला भेटायला निघालो होतो. पहिला मजला ऐटीत चढलो, दुसरा कठड्याच्या भरवशावर, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वळणावर गुडघ्याने जाहीर केलं की आता वरही नाही आणि खालीही नाही. मी पायरीवर बसलो. तू चौथ्या मजल्यावर कठड्याशी, मी तिथे. जिन्याच्या पोकळीतून पाऊण तास आपण गप्पा मारल्या. तुझ्या औषधांपासून माझ्या लहानपणीच्या अंथरूण ओलं करण्यापर्यंत सगळं ओरडून झालं, आणि त्या इमारतीतल्या लोकांनी दारं किलकिली करून आपल्या घराण्याचा इतिहास फुकटात ऐकला. शेवटी दोन पोस्टमननी मला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. (त्यातला एक मला म्हणाला की पार्सल असतं तर परत पाठवलं असतं.) तू वरून हात हलवत होतीस. मला मान वर करता येत होती, पण केली नाही. त्याला आज दोन वर्षं तीन महिने झाले, आणि तेव्हापासून तू खाली उतरलेली नाहीस नि मी वर आलेलो नाही.

डॉक्टरांना दाखवायला मात्र मी पावणेदोन वर्षं लावली, कारण त्यांचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. ते म्हणाले की गुडघ्याला काही झालेलं नाही, गुडघ्यावर जे ठेवलंय त्याला झालंय. एकशेचार किलो. नव्वदच्या आत या, मग खुशाल चढा, तोवर जिन्याचं नाव काढायचं नाही. त्यांनी मला ज्या आहारवाल्या बाईंकडे पाठवलं त्या अंगाने उदबत्तीएवढ्या आणि वयाने आपल्या भाचीएवढ्या. मला वाटलं, ही पोर आता मला वाफवलेल्या दुधीवर बसवणार. तर त्या म्हणाल्या, काका, सहा दिवस सांगते तेवढंच खा, आणि सातव्या दिवशी एक जेवण तुमच्या मनासारखं. फक्त ते आधी ठरवायचं, बसून खायचं, ताटात वाढून खायचं आणि खाल्ल्यावर रडायचं नाही. मन फार दाबलं की उसळतं, म्हणून ही सूट. ताई, मी त्या बाईंना मनातल्या मनात दंडवत घातला. (तोही उभ्यानेच.) शेजारचा कुलूपवाला म्हणाला की कुलूप एक तर लागलेलं असतं नाही तर उघडं, रविवारपुरतं उघडं कुलूप त्याने जन्मात पाहिलं नाही. म्हणजे तुझंच मत. तुम्हा दोघांचं जमेल चांगलं.

'आधी ठरवायचं' ही अट बाईंनी घातली तेव्हा त्यांना माझा स्वभाव माहीत नव्हता. मी एक वही केली. सोमवारी सकाळी रविवारचा बेत लिहायचा, मंगळवारी खोडायचा, बुधवारी तुझ्या भावजयीचं मत घ्यायचं आणि ते मानायचं नाही. सहा दिवस मी उकडलेल्या भाज्या तोंडाने खात होतो आणि मनाने रविवार. पण खरं सांगतो, त्या वहीमुळेच सहा दिवस निभले. 'कधीच नाही' म्हटलं की माझ्या अंगात आपले हट्टी बाबा संचारतात, 'रविवारी' म्हटलं की मी शहाण्या मुलासारखा थांबतो. आणि रविवारी आम्ही दोघं टेबलाशी समोरासमोर बसून जेवू लागलो. एरवी ती स्टुडिओतून येऊन जेवणार, मी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभ्याने खाणार, अशी आमची सत्तावीस वर्षं गेली. चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की भाजलेल्या बटाट्यांवरचं लोणी वितळून गेलं तरी आमचं बोलणं चाललेलंच होतं, आणि बटाटे गार झाले तरी मला वाईट वाटलं नाही.

एवढं गोड गोड झाल्यावर आता पापाकडे येतो. आमच्या धंद्यात काटा दुरुस्त केला की गिऱ्हाइकासमोर त्याच्याच मालाने एकदा तपासून दाखवावा लागतो. माप लोखंडाचं ठेवलं की त्याचा विश्वास बसत नाही, स्वतःचे पाव ठेवले की बसतो. आता बेकरीवाल्याच्या काट्यावर ठेवलेले पाव पुन्हा विकायला मांडणं बरं दिसत नाही, आणि टाकून देणं त्याहून वाईट. मग ते कुणी तरी संपवायला नकोत? तर पाचव्या आठवड्यापासून मी वहीबाहेरचं खाऊ लागलो. बेकरीत दोन लोणीपाव, खारे दाणे विकणाऱ्याकडे मूठभर दाणे, बिस्किटवाल्याकडे तर त्याचा काटा इतका नाजूक की तीन वेळा तपासावा लागला. घरी येऊन हे सांगायचं धाडस नव्हतं. पण मी काटेवाला आहे, बेइमानी मला पचत नाही (पाव पचतो). म्हणून मी स्वतःला शिक्षा लावून घेतली. आमच्या न्हाणीघरात तो जुना स्प्रिंगचा काटा आहे ना, त्याला मागे शून्य जुळवायचा एक स्क्रू आहे. दर सोमवारी पहाटे, दिवा न लावता आणि रिकाम्या काट्याकडे न बघता, तो मी अर्ध्या किलोने वर फिरवायचो, म्हणजे काटा मला जास्त वजन दाखवील आणि मी घाबरून पुढचे सहा दिवस सुधारेन. शिवाय त्यामुळे मनाशी हिशेब असा की काटा दाखवतोय त्याहून आपलं खरं वजन बरंच कमी आहे. काट्यावर पंच्याण्णव दिसलं की मी गालातल्या गालात हसायचो, आणि ते कमी असलेलं वजन आठवून बिस्किटवाल्याचा काटा चौथ्यांदा तपासायचो.

तू विचारशील, दुकानात इतके शिक्का मारलेले काटे असताना त्यांतल्या एकावर चढलास का नाही? ताई, विसरलीस? गिऱ्हाइकाच्या काट्यावर आपण पाय ठेवायचा नाही, हा बाबांचा नियम. तो मोडला असता तर बाबा फोटोतून खाली उतरले असते.

सव्वीस आठवडे असे गेले. परवा रविवारी सकाळी काटा नव्वदच्या पुढे एका बारीक रेघेवर येऊन थांबला. माझ्या मनातल्या हिशेबाने म्हणजे मी खरा ऐंशीच्या आसपास. मी जेवताना छाती फुगवून जाहीर केलं की बास, पुढच्या रविवारी मी ताईकडे चढून जाणार. तुझ्या भावजयीच्या हातातला चमचा ताटात पडला. मला वाटलं, आनंदाने. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन न्हाणीघरात गेलो, तर ही बाई काट्यापाशी गुडघे टेकून बसलेली, हातात एक नाणं, आणि नाण्याची कड त्या स्क्रूच्या खाचेत. तिने माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं, मी तिच्या नाण्याकडे. मग ती रडायलाच लागली.

झालं होतं असं, की सूट दिलेल्या रविवारनंतर सोमवारी काटा चढलेला दिसायचा आणि माझं तोंड उतरायचं. ते तिला बघवेना. लोकांच्या हनुवट्या रोज पुसणारी बाई ती, तिने विचार केला, नवऱ्याचा अर्धा किलो पुसला तर कुठे बिघडलं? म्हणून पाचव्या आठवड्यापासून दर रविवारी संध्याकाळी ती तो स्क्रू अर्ध्या किलोने खाली फिरवत होती. तिच्या हिशेबाने मी अजून शंभरीच्या घरात होतो, आणि तिने पुसलेल्या आकड्याच्या भरवशावर आता चार मजले चढायला निघालो होतो. म्हणून या खेपेला रविवारी तिने स्क्रूला हात लावला नाही आणि पहाटे तो सगळा परत वर फिरवायला बसली होती, तेवढ्यात मी आलो. "जिन्यात तुम्हाला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा मीही पाव, दाणे आणि बिस्किटं, सगळं ओकलो. (कबुलीच्या अर्थाने.) ती रडता रडता थांबली आणि बिस्किटं कितीदा तपासली ते विचारू लागली.

मग आम्ही तो काटा उचलून दुकानात नेला, शटर खाली ओढलेलंच ठेवलं आणि मी वीस-वीस किलोची चार मापं नि एक दहाचं त्यावर चढवलं. नव्वद किलो लोखंड. ताई, काटा नव्वदवर केसाचाही फरक न दाखवता उभा राहिला. ती जेवढं खाली नेत होती तेवढंच मी वर आणत होतो. सगळ्या गावाचे काटे मी डोळ्यांत तेल घालून बघतो आणि माझ्या घरातल्या काट्याला दोन चोरांनी मिळून सरळ ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मापं उतरवून मी चढलो. नव्वद आणि वर एक बारीक रेघ, म्हणजे अर्धा किलो. म्हणजे मी ऐंशी नव्हतो आणि शंभरही नव्हतो. साडेतेरा किलो मात्र खरोखरच गेले होते. तेवढ्या वजनाची मापं तिने माझ्या हातात दिली आणि दुकानात एक फेरी मारायला लावली. दाराशी पोचेपर्यंत गुडघ्याने मला त्या जिन्याची आठवण करून दिली. मी ती खाली ठेवली तेव्हा इतकं हलकं वाटलं की तिथेच उभा राहून खुळ्यासारखा हसलो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ठरवून, बसून, ताटात खाल्लेलं मला कधी बाधलं नाही, न ठरवता उभ्याने खाल्लेलं सगळं बाधलं. कुलूपवाल्याला सांग (नको, मीच सांगतो), रविवारपुरतं कुलूप उघडता येतं, फक्त किल्ली खिशात घेऊन गावभर हिंडू नये. बिस्किटवाल्याकडे काल मी लोखंडी मापं घेऊन गेलो. त्याला ते आवडलेलं नाही.

डॉक्टरांना काल विचारलं. अर्धा किलो जास्त आहे तर चढू का? ते म्हणाले, नव्वदच्या आत म्हणजे नव्वदच्या आत. तेव्हा या रविवारचं येणं लांबलं असं समज आणि रागावू नकोस. तब्येतीला जप, काठीशिवाय कठड्यापर्यंत जाऊ नकोस, आणि हे पत्र शाळेतल्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तुझा (दिवसेंदिवस कमी होत चाललेला)
धाकटा भाऊ

ता. क. १. पत्र पाकिटात घालायला घेतलं आणि तुझ्या भावजयीने विचारलं, काल काट्यावर चढताना अंगावर काय होतं? कामाचा एप्रन होता. त्याच्या खिशात काट्यांना शिक्का मारायची पक्कड, त्या शिक्क्यांसाठीच्या शिशाच्या गोळ्यांची पिशवी आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर. डबा रिकामा तोलून वजा केल्याशिवाय मालाचं वजन धरायचं नाही, हे मी अख्ख्या गावाला शिकवतो. एप्रनचं वजन पाऊण किलो भरलं. ताई, मी नव्वदच्या आत आहे. डॉक्टरांना आत्ताच दुकानातून ओरडून सांगितलं, ते रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून 'जा' म्हणाले.

ता. क. २. म्हणजे या रविवारी येतोय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवून घे. हाताची नको, साधी. तू मात्र कठड्यापुढे एक पायरीही उतरायची नाहीस, उरलेलं अंतर माझं आहे.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. माझ्या वहीचं पहिलं पान, पहिला सोमवार: 'ताईच्या हातचा अक्रोडाचा केक, तिच्या स्वयंपाकघरात बसून.' मंगळवारी ते खोडलं, कारण ते चौथ्या मजल्यावर होतं. तेव्हापासून दर सोमवारी तेच लिहिलंय आणि दर मंगळवारी तेच खोडलंय, सव्वीस वेळा. आज मंगळवार आहे. आज खोडलेलं नाही.