गोलकीपरला विचारायचं कोणी?

ती. मामांस, भाच्याचा दंडवत.

तुमची कंबर आता सरळ झाली असेल आणि खुर्चीवर चढून पंखे पुसायला मामींनी तुम्हाला बंदी घातली असेल, अशी आशा आहे. (दोन्ही जमलं नसेल तर निदान दुसरं तरी जमावं.) फुटबॉल क्लबच्या ऑफिसात बसून तू नेमकं करतोस काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. या आठवड्यात जे घडलं तेच सांगतो.

आमच्याकडे खेळाडूंच्या करारांचं काम वाटून दिलेलं आहे. कोणाला ठेवायचं ते क्रीडा संचालक ठरवतात, पगार हिशेबवाल्या बाई ठरवतात, कलमं वकीलसाहेब लिहितात आणि सही अध्यक्षांची. प्रशिक्षक फक्त तोंड वाकडं करतात (ते त्यांच्याकडे कोणी सोपवलेलं नाही, पण नेमाने करतात). आमच्या गोलकीपरचा करार संपत आला होता. चेंडू आत जाऊ देत नाही म्हणून सगळे त्याला कुलूप म्हणतात. संचालकांनी ‘ठेवायचा’ म्हटलं, बाईंनी आकडा काढला, वकिलांनी कलमं लिहिली, अध्यक्षांनी सही ठोकली. बैठकीत सगळे एकमेकांची पाठ थोपटत होते, तेव्हा मी सहज विचारलं, “आणि तो काय म्हणाला?”

संचालकांना वाटलं होतं बाई बोलल्या असतील, बाईंना वाटलं वकील. वकिलांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी माझ्याकडे. माझ्या मागे नुसती भिंत होती, म्हणून मीच निघालो.

कुलूपच्या घराचं दार सताड उघडं, हॉलभर खोकी. बायको बश्या वर्तमानपत्रात गुंडाळतेय, दोन्ही मुली खोक्यांवर आपापली नावं लिहितायत आणि तो स्वतः गादीला दोरी आवळतोय. इतकी वर्षं क्लबसाठी अंगाखांद्यावर मार खाल्ला, आणि करार संपत आला तरी कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून बिचाऱ्याने समजून घेतलं होतं की आपली गरज संपली. मी करार पुढे केला. त्याने तो उघडलाही नाही.

“म्हणजे मी हवा होतो तुम्हाला?”

“पहिल्यापासून.”

“मग सांगायचं कोणी?”

मामा, मी म्हटलं, “माझंच चुकलं.” (नव्हतं चुकलं. पण कोणाचं तरी चुकायलाच हवं होतं, आणि तिथे मी एकटाच होतो.) एवढा धिप्पाड माणूस, पण खोक्यावर बसून शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. मग त्याने सही केली. बायकोने मात्र हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, “घराचं काय? मालकाला कळवून बसलोय. नवे भाडेकरू उद्या येतायत.”

ऑफिसात येऊन विचारलं. संचालक म्हणाले, हा घरगुती प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, पगारात धरलेलं नाही. वकील म्हणाले, कलम नाही. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने म्हणाले, “तू बघ काहीतरी.”

तर असं माझं काम असतं. बाकी सगळं ठीक.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमचा वरचा मजला रिकामाच आहे ना अजून?

ता. क. आणखी एक. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं, तो दारातला उंच माणूस म्हणजेच कुलूप. बायको-मुली खाली टेम्पोत आहेत. मामींना तुम्ही विचारलं असेलच, असं मी धरून चाललो आहे.