आजीची पाल

मुलुंड, मंगळवार, मार्च १९८४

शेजारची तमिळ आजी आज गेली. मुलगा रमणी ऑफिसात, म्हणून दुपारभर मीच तिच्या उशाशी होते. ती सारखी "पाल, पाल" म्हणत होती. भिंतीवर पाल होतीच. वाटलं, घाबरली. झाडूने हाकलली आणि म्हटलं, "आजी, पाल गेली हो." माझ्या बोलण्यातला तेवढाच शब्द तिला कळत असावा. तो ऐकला की डोळे उघडून माझ्या हातांकडे बघायची. हातात झाडू.

चारला श्वास थांबला. रमणी धावत आला.

"वहिनी, आई काही बोलली?"

"पाल म्हणत होती."

"आमच्यात पाल म्हणजे दूध. दिलंत ना थोडं?"

लिहिलं तरी तीच दोन अक्षरं. मला कसं कळणार होतं?

मी हो म्हटलं. तो माझ्या पाया पडला.